‘स्वीट अ‍ॅज’च्या पुढे काय?

जगातलं एकही वाक्य अर्धवट राहता कामा नये, ही जबाबदारी देवाने एकट्या माझ्या सासऱ्यांवर टाकलेली आहे. निदान त्यांची तरी तशी पक्की खात्री आहे. साताऱ्यात चौतीस वर्षं त्यांनी पोरांना इंग्रजीचं व्याकरण शिकवलं आणि सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे परदेशात, हॅमिल्टनला आले, तेही खिशाला लाल पेन लावूनच. आमच्या फ्रिजवरच्या चिठ्ठ्या ते तपासतात. नातीच्या शाळेतून आलेल्या पत्रकात त्यांनी सात चुका काढल्या आणि ते तिच्याच हाती परत पाठवलं. ‘आजोबा, धिस इज हीप्स एम्बॅरसिंग!’ असं ती रडकुंडीला येऊन म्हणाली (‘हीप्स’ म्हणजे इथल्या पोरांच्या बोलीत ‘फार’), तर म्हणे, “हीप्स ऑफ व्हॉट?”

पण बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, खरा उभा दावा होता तो ‘स्वीट अ‍ॅज’शी. इथे काहीही ठीकठाक असलं की लोक ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणतात आणि पुढे काही म्हणतच नाहीत. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे दूध-पाव-पेपरच्या दुकानात, बाबा पहिल्यांदा दूध आणायला गेले तेव्हा काउंटरवरची मुलगी हेच म्हणाली, आणि बाबा पुढच्या शब्दाची वाट बघत तिथेच उभे राहिले. मागे ही रांग! “स्वीट अ‍ॅज हनी? स्वीट अ‍ॅज शुगर? काहीतरी म्हण की बाई!” असं ते घरी येऊन मला तावातावाने सांगत होते. अर्थ सांगून मोकळं व्हायचं सोडून मी नुसता हसत बसलो. हे हसणं मला पुढे चांगलंच भोवलं.

आमच्या शेजारी कॉलिन राहायचा. दूध पावडरच्या कारखान्यात जन्म काढलेला, एकटा, बारा महिने हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. गॅरेजमध्ये स्वतःची बिअर बनवायचा. अलीकडे त्याचे हात थरथरायला लागले होते, तेवीस लिटरचं पिंप काही उचलेना. घर विकून झालं होतं आणि पाच आठवड्यांनी तो मुलीकडे डनेडिनला जाणार होता, कायमचा. कुंपणापाशी उभा राहून तो बाबांना म्हणाला की जाण्याआधी या घराच्या पायरीवर बसून आपल्या हातची एक शेवटची बाटली प्यायची फार इच्छा होती, पण आता हातच राहिले नाहीत.

“तुम्ही सांगा, मी करतो,” बाबा म्हणाले. मी अंगणातल्या खुर्चीतून पडायचाच राहिलो. या माणसाने लेबलावर अल्कोहोल वाचून खोकल्याचं औषध परत केलेलं!

“अहो बाबा, दारू आहे ती!”

“जावईबापू, विद्या आहे ती. माणूस गाव सोडून चालला म्हणून त्याची विद्या वाया जाऊ द्यायची?”

झालं. दोनशे पानी वही आली. पिंप, नळी, चमचा, बाटल्या, सगळं निर्जंतुक हवं, असं कॉलिन एकदा सहज बोलून गेला, आणि बाबांनी त्याचं कडक सोवळं करून टाकलं. अंघोळ करून, पूजेचा कद नेसून ते गॅरेजात शिरायचे, कोणी जवळ गेलं की “शिवू नका!” डब्यातला काकवीसारखा माल्ट, साखर, पाणी आणि यीस्ट असं सगळं पिंपात गेलं आणि पिंप गेलं आमच्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. तिथे बायको थंडीत इडलीचं पीठ ठेवायची. ते पीठ बेघर झालं, आणि आम्ही महिनाभर इडलीला मुकलो. जेवताना बाबा बातमी द्यायचे, “आज मिनिटाला अकरा बुडबुडे.” मात्र एक थेंब जिभेला लावतील तर शपथ. का, तर कॉलिनने आधी घ्यायचं. “नैवेद्य कोणी चाखून बघतं का?”

दहाव्या दिवशी पेलाभर बिअर काढून त्यांनी कॉलिनला दिली. कॉलिनने घोट घेतला, “स्वीट अ‍ॅज!” म्हणाला, बाटल्यांत प्रत्येकी एक चमचा साखर घाला असं बजावलं आणि घराच्या कागदपत्रांसाठी निघून गेला. बाबांनी विचार केला, गोड झाली आहे असं हा स्वतःच म्हणतो, भिडेपोटी वाक्य अर्धं सोडलं बिचाऱ्याने. वर आणखी साखर घालायची म्हणजे चुकीवर चूक. त्यांनी साखरेचा डबा बंद केला आणि बाटल्या तशाच भरून पुन्हा त्या कपाटात ठेवल्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही कॉलिनच्या पायरीवर बसलो. मागे रिकामं घर, पुढे खोकी. बाबांनी बाटली उघडली. फुस्स नाही की फेस नाही! पेल्यात नुसतं तपकिरी पाणी. त्या एका चमचा साखरेवरच तर सगळा फेस असतो. “यू सेड इट वॉज स्वीट,” बाबा कसेबसे म्हणाले. कॉलिनने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मग तो खोकला येईपर्यंत हसला आणि अख्खा पेला रिकामा केला.

संध्याकाळी मी बाबांना ‘स्वीट अ‍ॅज’चा अर्थ सांगितला. “एवढं सांगायला तुमचं काय जात होतं?” ते म्हणाले. “ती पायरी त्याला आता पुन्हा मिळणार आहे का?” मला फार वाईट वाटलं. खरंच, काय जात होतं माझं?

कॉलिनने पिंप बाबांनाच दिलं होतं. त्यांनी पुन्हा कद नेसला, पुन्हा बुडबुडे मोजले, आणि या वेळी साखर बाटलीमागे अगदी चमचा मोजून घातली. पुढे ऑफिसच्या कामासाठी मला डनेडिनला जायचं होतं, तेव्हा त्यांनी एक बाटली माझ्या लोकरी मोज्यांत गुंडाळून बॅगेत ठेवली.

कॉलिनच्या मुलीच्या घरी मी फोनवर बाबांना व्हिडिओ लावला आणि बाटली उघडली. फुस्स! असा आवाज की बाबा तिकडे हॅमिल्टनमध्ये दचकले. कॉलिनने दोन्ही हातांनी पेला धरला, घोट घेतला आणि डोळे मिटले. “स्वीट अ‍ॅज.”

बाबा उठले, देवघरातली पळी घेऊन आले. आपल्याजवळच्या बाटलीतली पळीभर बिअर त्यांनी तीर्थासारखी तळहातावर घेतली आणि तोंडात टाकली. नैवेद्य पोचला होता, आता प्रसादाला हरकत नव्हती.

“अरे देवा, कडू आहे हो ही!” तोंड असं झालं की विचारू नका. मग चष्मा सारखा करून ते म्हणाले, “स्वीट अ‍ॅज, कॉलिन.”

“अ‍ॅज व्हॉट, टीचर?” कॉलिनने मिश्कीलपणे विचारलं.

बाबांच्या मागच्या खिडकीतून कॉलिनची पायरी दिसत होती. तिच्यावर आता दुसऱ्याच कुणाच्या पोरांचे बूट पडले होते. बाबांनी मान वळवून तिकडे बघितलं.

“अ‍ॅज…” ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. कॉलिन वाट बघत राहिला, मीही राहिलो. पण पुढचा शब्द काही आला नाही, आणि आम्ही दोघांनीही तो मागितला नाही.