चुकलेल्या दारातली घरप्रार्थना

देवाची इच्छा ओळखण्यात मी अजूनही कच्चीच आहे. त्या आठवड्यात तर डोक्याचा नुसता भुगा झाला होता. जुन्या जालन्यातली आमची छोटी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, बंद करून एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या मोठ्या मंडळीत मिळून जायचं का, हे रविवारी पंचांच्या बैठकीत ठरणार होतं. पंचांत सरळ दोन तट पडले होते आणि मधोमध अडकलेली मी, मीही एक पंचच. तिकडे हॉल गच्च भरतो, गाणी तर अशी की माझी लेकसुद्धा तिकडेच जाते. आमच्याकडे पाळकसाहेब अर्ध्या रिकाम्या बाकांना उपदेश करतात. लेक म्हणायची, "मम्मी, जिथं माणसं वाढतात तिथंच देवाचा आशीर्वाद असतो ना?" प्रार्थनेला बसले की "प्रभू, एकदाचं सांगून टाक" एवढंच तोंडातून निघायचं. आणि प्रभू आपला गप्प.

दर बुधवारी आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो, ढोलकीवर गीतं म्हणतो, प्रार्थना करतो आणि चहा पिऊन उठतो. त्या बुधवारी आमच्यातल्याच शांताबाईंच्या नव्या भाड्याच्या घरी जायचं होतं. "मला ठाऊक आहे घर," म्हणत मीच तोऱ्यात पुढे. गल्लीतल्या हिरव्या दाराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाई अनोळखी होत्या, मला वाटलं शांताबाईंच्या पाहुण्या असतील. एवढी माणसं दारात बघून त्यांचे डोळेच भरून आले. "या, या, बसा! मालकांच्या विलाजासाठी आम्ही धावड्याहून आल्तो. तव्हापासून भेटायला कोनीच आलं न्हाई."

आत बाजेवर त्यांचे मालक पडले होते, लकव्यानं एक अंग गेलेलं. भिंतीवर खंडोबाची तसबीर. अरे देवा, घर चुकलं! मी कावरीबावरी होऊन पाळकसाहेबांकडे पाहिलं, तर ते शांतपणे सतरंजीवर बसलेसुद्धा. आजाऱ्याच्या घरातून उभ्या उभ्या परत कसं फिरायचं? त्यांनी सरळ विचारलं, "आम्ही ख्रिस्ती आहोत, प्रार्थना केली तर चालेल का?"

"नाव कोन्या बी देवाचं घ्या," बाई म्हणाल्या, "पन जल्दी उठू नका."

गीत सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला बाई ओरडल्याच, "अगं माय, बोट! बोट हालून राह्यलं!" गेलेल्या हाताचं एक बोट चादरीवर हळूहळू ठेका धरत होतं. गावाकडे ते भजनात ढोलकी वाजवायचे म्हणे. हा चमत्कार की औषधाचा गुण, ते मला विचारू नका. मला रडू आवरेना, एवढं खरं. तिकडे शांताबाई पोह्यांचं पातेलं झाकून वाट बघत बसल्या होत्या. त्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

रविवारपर्यंत माझा गोंधळ कमी व्हायचा तर आणखी वाढला. एका बोटासाठी मंडळी चालू ठेवायची? लोक हसतील की! बैठकीत सगळे बोलून झाले आणि पाळकसाहेब माझ्याकडे वळले, "बाई, तुमचं काय ते सांगा." 'मिळून जाऊ' म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारात त्याच बाई. विचारत विचारत आल्या होत्या, पदरात चार मोसंब्या.

"ताई, मालक इचारून राह्यले, ढोलकीवाली मान्सं आता कव्हा येनार?"

"बुधवारी," मी म्हणाले. "दर बुधवारी येऊ."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माझं मत देऊन झालंय. पाळकसाहेब डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि वहीत लिहिलं, मंडळी चालू राहील.

आमची बाकं अजून अर्धी रिकामीच असतात. लेक तिकडेच जाते, आणि तिचंही चुकत असेल असं मला वाटत नाही. यशस्वी मंडळी कोणती, हे आजही मला धड सांगता येणार नाही. पण हल्ली प्रार्थनेत मी "सांगून टाक" असा हट्ट धरत नाही. "न्यायचं तिथं ने" म्हणते, आणि त्या हिरव्या दारासाठी त्याचे आभार मानते. बुधवारी ढोलकी घेऊन निघालो की शांताबाई मात्र मला पुढे चालू देत नाहीत.