शेवंताची जट

शेवंताचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या हातात कात्री. तिच्या केसांत जट आली तेव्हा घरच्यांनी ते देवीचं बोलावणं मानलं आणि आठवीतल्या या मुलीला देवीला सोडायचं ठरवलं. मग शाळा नाही, लग्न नाही, जन्मभर जोगवा मागायचा. गावातल्या मुलींना मी आमच्या संस्थेतर्फे दर शनिवारी शाळेत भेटते. तिथंच ती हळूच म्हणाली होती, "ताई, मला जोगतीण व्हायचं न्हाई." त्यानंतर कित्येक महिने तिच्या आईच्या चुलीपुढं बसून मी सांगत राहिले, हा केसांचा गुंता आहे, दुसरं काही नाही. तेव्हा कुठं ती जट कापायला तयार झाली.

जट कापून झाली. आईनं जटेला हळदकुंकू वाहिलं, पदरात घेतली आणि नदीत सोडायला निघून गेली. शेवंता मोकळ्या मानेवरून हात फिरवत राहिली.

"देवी रागावली असंल का?" तिनं विचारलं.

माझा देवीवर विश्वास नाही. तरी "नाही रागावली," असं मी ठामपणे म्हणून बसले. कुणाच्या वतीनं बोलले, कुणास ठाऊक. तिची भीती गेली, की मी नुसती समजूत घातली?

पुढच्या शनिवारी शेवंता शेजारच्या लहान मुलीला घेऊन आली. तिच्याही केसांत जट धरू लागली होती.

"भ्या वाटतंय," शेवंता तिला सांगत होती, "पण मग केस विंचरता येत्यात."

घाबरायचं कारण नाही, असंच मी इतके महिने सांगत आले होते. ती मुलगी शेवंताचे केस बोटांनी चाचपून पाहत होती. मी दारातच उभी राहिले. शेवंताचं सांगणं पुरं होऊ दिलं.