शेजारचा वर्ग
ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मला मी शिकवत होते ती कुरुळीची शाळा आठवते. शेजारच्या वर्गावर आलेल्या नव्या बाईंनी बाकांच्या रांगा मोडून गोल टेबलं मांडली आणि मुलांकडूनच ती पिवळी, निळी रंगवून घेतली. आदल्या वर्षी माझ्या वर्गात कधीच तोंड न उघडलेली एक मुलगी तिथे भाकरीचे तुकडे करून इतरांना अपूर्णांक समजावत होती. खिडकीतून ते पाहताना मी आतून जळफळले आणि तडक मुख्याध्यापकांकडे गेले. “सर, त्या गोंगाटात मला शिकवता येत नाही.” दुसऱ्याच दिवशी त्या वर्गात पुन्हा बाकांच्या रांगा लागल्या. “तुम्हाला त्रास झाला, मॅडम, सॉरी,” असं बाईच मला म्हणाल्या. ती मुलगी परत गप्प झाली. आता मीही मुलांना गटात बसवते, पाहुणे कौतुक करतात, पण हे कुणाकडून शिकले ते अजून माझ्या तोंडून निघत नाही.