तोंडात चूळ, कमरेला किल्ली

आमच्या आळीमागच्या तळ्याला कुलूप लावलं ते मी. आता कुणी विचारलं तर 'सगळ्यांनी मिळून ठरवलं' म्हणायची सोय आहे, पण ते खोटं आहे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं की माणसाला आपलंच बरोबर वाटायची खोड लागते, आणि ती काही निवृत्तीबरोबर सुटत नाही.

पुरानंतर त्या तळ्यात पाण्यापेक्षा गाळच जास्त होता. आम्ही चार-पाच जणांनी दोन उन्हाळे त्यात घालवले. गाळ काढून घेतला, जलपर्णी उपसली, काठाला लव्हाळे आणि पाणकणीस लावलं. मग एका पावसाळ्यात टिबुकली आली. कबुतराहून लहान, तपकिरी पाणपक्षी, इथं बुडी मारली की भलतीकडेच वर येणारा. मी पायरीवर बसून अक्षरशः रडले. तिनं घरटं केलं आणि आठवड्याच्या आत ते कपडे धुणाऱ्यांच्या गडबडीत मोडलं. माझं डोकंच फिरलं. पुढच्या वर्षी मी हट्टानं कुंपण घालून घेतलं, फाटक बसवलं आणि पावसाळाभर तळं बंद असा फलक लावला. किल्ली माझ्या कमरेला.

आमच्यातल्या एकीनंच विरोध केला. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, आख्खी आळी तिला सिस्टरच म्हणते. मार्चमध्ये चवदार तळ्यावर बाहेरगावची माणसं लोटतात, तेव्हा ही पहाटेपासून कोपऱ्यावर पाण्याचे जार मांडून उभी असते. तिचे आजोबा सत्याग्रहाच्या वेळी त्या तळ्याचं पाणी प्यायले होते.

"बाई, दोरी बांधू," ती म्हणाली. "घरटं असेल तेवढी बाजू अडवू. आळीपाळीनं बसू. नीट सांगितलं की ऐकतात लोक."

"दोरीला कोण भीक घालतंय, सिस्टर? तुम्ही फार भोळ्या आहात."

"या गावात पाण्याला कुलूप लावताय, बाई. लावा. मी नाही यायची लावायला."

मला राग आला. पक्ष्यांच्या गोष्टीत ही हे कुठून आणते, असं मनात आलं. आलं खरं, लपवू कशाला? या गावात पाण्याला कुलूप लावताना माणसाचा हात थोडा तरी थरथरायला हवा. माझा नाही थरथरला.

पोलादपूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरून एसटीनं येणारी दूधवाली रोज रतीब घालून झाला की त्या पायऱ्यांवर पाय धुवायची. तिनं फाटक हलवून पाहिलं आणि मला हाक मारली, "पाय धुतल्यानं पानी सरतं काय गो बाय? आता आमी यायचंच नाय?" मी फलकाकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं.

टिबुकलीला मात्र ती शांतता मानवली. माणूस दिसेना तशी ती धीट झाली आणि थेट खालच्या पायरीपासून चार हातांवर तिनं घरटं बांधलं. कुजक्या पाल्याचं, पाण्यावर तरंगणारं. त्यात चार अंडी. उठायच्या आधी ती चोचीनं ओला पाला अंड्यांवर ओढून घ्यायची, मगच बुडी मारायची. झाकलं नाही तर कावळे टपलेलेच. सिस्टर बाजारात जाताना रोज कुंपणाबाहेर थांबून बघायची. माझ्याशी बोलायची नाही.

तेवढ्यात गौरी आल्या. आमच्याकडे खड्यांची गौर. पाणवठ्यावरून सात खडे वेचायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि गौर घरात बसेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. पुढे घरातलं कुणीतरी घंटा वाजवत चालतं.

"गौर त्याच पायरीवरून येणार," सासूबाई म्हणाल्या. "की नळाखालचे खडे आणायचेत यंदा?"

"तळं बंद आहे, आई."

"कुणाला? किल्ली तर तुझ्याच कमरेला आहे."

आदल्याच दिवशी मी आळीतल्या दोन घरांना नदीवर जा म्हणून परत पाठवलं होतं. तरी मनात म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम.

सकाळी भुरभुर पाऊस होता. मी फाटक उघडलं, दबकत उतरले, खडे वेचून ताम्हनात ठेवले, चूळ भरली. टिबुकली मान ताठ करून बघत होती, पण बसून होती. मला वाटलं, जमलं. आणि सासूबाईंनी वरच्या पायरीवरून जोरात घंटा वाजवली. टिबुकली धाडकन पाण्यात गेली. पाला ओढायला तिला वेळच मिळाला नाही. चारही अंडी उघडी.

मी घाईनं वर आले, फाटक ओढलं आणि सवयीनं कुलूप घातलं. समोर सिस्टर उभी होती, हातात छत्री आणि भाजीची पिशवी.

"झाकलं नाही तिनं," ती म्हणाली. "ते बघा, कावळे आले. किल्ली द्या, बाई. मी थांबते आत."

चूळ थुंकून टाकायची आणि किल्ली द्यायची, एवढंच होतं. पण सासूबाई घंटा वाजवत पुढे निघाल्या होत्या, हातात गौर होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला वाटलं, आज हिला दिली तर उद्या सगळे मागतील. मी मान हलवली. नाही. आणि चालू लागले.

घर येईपर्यंत मागून तिचा आवाज येत होता. "हाड! हाड!" आणि कुंपणावर छत्री आपटल्याचा.

गौर बसली. चूळ टाकली आणि आरती व्हायच्या आत मी तशीच पळत सुटले. सिस्टर तिथंच होती, नखशिखांत भिजलेली, घसा बसलेला, छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या. टिबुकली घरट्यावर परतली होती.

"तीन राहिली," सिस्टर म्हणाली. "एक नेलं. बाहेरून हात पोचत नव्हता."

मी कमरेची किल्ली काढून तिच्यापुढे धरली. "ही तुमच्याकडेच राहू दे, सिस्टर."

तिनं हात पुढे केला नाही. "किल्ली कुलूप लावणाऱ्याला लागते, बाई. मला कशाला? दोरी आणा. दुपारपर्यंत मी बसते, मग तुम्ही या."

मी कुलूप काढलं आणि दोरी आणायला घरी गेले.