बोरांनी बीपी उतरतं, असं मी सांगत फिरलो

मी मुळात कमी बोलणारा. त्यामुळं एक खोटं बोललो तर ते सगळ्यांना खरंच वाटलं, आणि नंतर ते खोडायला माझं तोंड उघडेना. आता लिहूनच टाकतो.

लातूरच्या डॉक्टरांनी मला बीपीची गोळी दिली तेव्हा माझं वजन पंच्याण्णव किलो होतं. गोळी सुरू झाली हे सांगायची मला लाज वाटली. घरी म्हणालो, "गोळीची गरज नाही. रानातली बोरं खा म्हणाले, हृदयाला चांगली." डॉक्टर एवढंच म्हणाले होते की फरसाण बंद करा, भूक लागली तर फळं खा. गोळ्यांची पट्टी मी स्कूटरच्या डिकीत, पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. रोज सकाळी नेमानं स्कूटर पुसू लागलो.

बोरंही खाल्ली, तेवढं खरं आहे. मुरुडजवळ अक्काचं शेत आहे, तिथल्या बांधावरची बारीक, आंबट बोरं. काट्यातून फिरायचं, वाकायचं, वेचायचं. फरसाणही सुटलं होतं. वर्षभरात बारा किलो उतरलो. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "बोरं."

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं लातूर शेतात गेलं तसे आम्हीही अक्काकडं गेलो. पूजेसाठी शेतात उभारलेल्या कडब्याच्या खोपटापुढं, कोपीपुढं, पंगत बसली. दाजी शेंगा-पालेभाज्यांची पातळ भज्जी वाढता वाढता म्हणाले, "पाव्हणं, तुमचं ऐकलं बगा. आठ दिस झाले, बीपीची गोळी बंद. निस्ती बोरं खाऊन राहिलो."

माझा घास तोंडातच राहिला. दाजींना मागच्या वर्षी छातीत दुखतं म्हणून चार दिवस दवाखान्यात ठेवलं होतं.

"डॉक्टरला विचारलं का?"

"त्याला काय इचारायचं? त्यो उतरलाय का बारा किलो?"

मी उठलो. डिकीतलं फडकं आणून दाजींपुढं सोडलं. दाजींनी पट्टी डोळ्यांजवळ धरली.

"ही तर माझी गोळी हाय."

"माझीपण. वर्ष झालं."

बायकोनं फडकं ओळखलं. "आन् मी मैत्रिणींना सांगत होते, आमच्या ह्यांना गाडीची लई हौस."

डॉक्टरांना फोन लावला. तेही कुणाच्या तरी शेतात आंबील पीत होते. म्हणाले, "आजची गोळी आत्ता द्या. उद्या सकाळी दोघंही या." दाजींनी माझ्याकडं न बघता गोळी गिळली.

अक्कानं विचारलं, "आणखी कुणाकुणाला सांगितलंस हे?"

"शिवारातच सहा जणांना."

"मग बसलास काय? जा."

येळवशीला शेतात आलेल्या माणसाला कुणी उपाशी सोडत नाही. पहिल्या कोपीवर मी उभ्यानंच सांगायला लागलो, तर म्हणाले, "आधी जेवा, मग बोला." भज्जी, भाकरी, वर आंबील. तिथं कुणी गोळी सोडली नव्हती. चौथ्या कोपीवरच्या आजीनं मात्र अर्धी केली होती. तिला पुन्हा पूर्ण गोळी घ्यायला लावली आणि खीरही खाल्ली. सहाव्या कोपीवर तोंड इतकं भरलेलं होतं, की "गोळी" हा शब्द दोनदा सांगावा लागला.

सकाळी दाजींचं बीपी वर निघालं. डॉक्टर म्हणाले, "आणखी आठ दिवस गेले असते तर अवघड होतं." मग मला काट्यावर उभं केलं. परवाच्या तपासणीत त्र्याऐंशी होतो, आज पंच्याऐंशी भरलो. आकड्याकडं बघत त्यांनी विचारलं, "एका दिवसात एवढं? काल केलं काय तुम्ही?"

"खरं बोललो," मी म्हणालो.

दाजी हसले नाहीत. पण जाताना माझ्याच स्कूटरवर मागं बसले.