तांदळातलं नाव

ताडकळसच्या नर्मदाबाईंना सुनेचं नाव बदलायची भारी हौस. नवी नवरी माप ओलांडून आत आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. शिकल्यासवरल्या घरांतून हे मागं पडत चाललंय, पण नर्मदाबाईंनी गुरुजींकडून अक्षर काढून आणलं होतं. त्यांच्या लेकाने, योगीराजने लिहिलं, 'वैदेही'. परभणीच्या दवाखान्यात नर्स म्हणून राबणारी अपेक्षा लाजून हसली. नाव तिलाही आवडलं होतं, हे मुद्दाम सांगायला हवं. उगाच सासूवर खापर फोडू नये.

तांदळापुरतंच राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण योगीराज पडला हातासरशी काम उरकणारा. बायकोचं कौतुक म्हणून त्याने तिचं आधार, पॅन, रेशनकार्ड, सगळं नव्या नावावर करून टाकलं. पासपोर्ट त्याच कागदांवर निघाला.

पासपोर्ट लागणारच होता. शिकलेल्या नर्सना भारत आणि जपानमधल्या व्यापार कराराच्या आधाराने तिकडे काही वर्षांपुरता कामाचा व्हिसा मिळू शकतो, हे तिला लग्नाआधीच कळलं होतं. ड्यूटी संपवून क्लासला जायचं, अशी तिने ती अवघड भाषा घोटली आणि परीक्षा पास झाली. तिकडच्या एका इस्पितळाने मुलाखत घेऊन तिला निवडलंही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची देखभाल कशी करतात ते शिकून यायचं आणि ताडकळसला तसं एक घर उघडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. घरातून कुणाचा विरोध नव्हता.

फाईल पाठवायच्या दिवशी क्लासच्या हरिओम सरांनी कागद टेबलावर पसरले आणि डोकं धरलं.

"मॅडम, फोटो एकच हाय, पण बाया दोन दिसायल्यात."

पदवी, नोंदणी, भाषेची परीक्षा, निवडीचं पत्र, सगळं अपेक्षाचं. पासपोर्ट तेवढा वैदेहीचा, आडनावही निराळं.

"मीच हाय की सर ती!"

"मला म्हाईत हाय. पण त्यांना कसं पटवावं?"

मग सुरू झाली पायपीट. नर्सच्या नोंदणीच्या कचेरीत म्हणाले, आधी राजपत्रात नाव छापून आणा. ते आणलं, तर म्हणाले, पदवीवरही बदला. विद्यापीठात म्हणाले, पदवी घेताना तुम्ही अपेक्षाच होतात, मग बदलायचं काय? कुणी वेडंवाकडं बोललं नाही, कुणी हाकलून दिलं नाही. भांडावं तर समोर भांडण्यासारखा माणूसच नाही, हे तिला जास्त लागलं.

तेवढ्यात इस्पितळाचा निरोप आला. थांबणं शक्य नव्हतं, जागा दुसऱ्या मुलीला दिली. नर्सविना वॉर्ड चालत नाही, हे अपेक्षाला कुणी सांगायला नको होतं. आणि हा व्हिसा जागेच्या भरवशावरचा. जागा गेली की तोही गेला. पुढे राजपत्रावरच भागवून नोंदणी नव्या नावावर होऊन आली, तेव्हा योगीराज उगाच पेढे घेऊन आला.

त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता नर्मदाबाईंनी हळूच विचारलं, "माझ्यामुळं ऱ्हायलं का गं तुझं जाणं?"

वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना तोंडावर खरं सांगणारी ही बाई. पण सासूचे ओले डोळे बघून तिची जीभ वळेना.

"न्हाई ओ आई. त्यांचीच जागा भरली."

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या केशरबाई आल्या, तर नर्मदाबाई खुलून सांगत होत्या, "बरंच झालं बाई. देवानंच आडवली. लय भरल्यावाणी वाटायलंय घर."

"आन् पुन्हा जाते म्हणली तर?"

"आता कुठं जाती ती!"

चहा घेऊन आलेली अपेक्षा दारातच थबकली. ते बोलणं मायेचं होतं आणि जागा हातची गेल्यावर खरंही होतं, म्हणून तर तिला ते सोसेना. ती पुढे झाली आणि दोघींच्या हातात कप दिले.