बहुरूप्याला दिलेला शब्द

पहिला दगड बहुरूप्याच्या कपाळाला लागला तेव्हा मी दहा पावलांवर गप्प उभी होते. साखरखेर्ड्याचा बाजार होता आणि मी चौथीत होते. सकाळी आमच्याच गोठ्यात त्यानं खोबरेलात शेंदूर कालवून तोंड रंगवलं, लुगडं नेसून म्हातारी झाला आणि मला बजावलं, "वळखलं तरी सांगू नको, पोरी. मीच पदर काढीन, तवाच इनाम भेटते." मी शब्द दिला. त्या आठवड्यात पोरं पळवणाऱ्या बाईची आवई उठली होती. बाजारात त्यानं एका लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला, तसा एकजण ओरडला, "कोन व तू? बाईचे हात असे असतात काय?" तो सोंगातच राहिला. "लेकीकडे चाल्ली न बाप्पा," म्हणाला. कोणी हसलं, मग दगड आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, शब्द पाळ म्हणतोय. दुसरा दगड डोळ्यावर बसला तेव्हा मी किंचाळले, "बहुरूपी हाय तो! आमच्या गोठ्यात रंगला!" माणसं थांबली आणि मलाच विचारू लागली, "मंग पह्यले काऊन नाही सांगितलं?" चौथीनंतर माझी शाळा सुटली. तरी पुढं सोंग घेणाऱ्यांवर लिहीत आले, जो पेपर छापेल त्यात. खोबरेल-शेंदराचा वास आला की मी आधी रंगाखालच्या माणसाचं नाव विचारते. त्या बहुरूप्याचं मात्र विचारलं नव्हतं. त्याचा डावा डोळा गेला, पण तो जगला.